अक्कासाहेबांचे प्रवाळ आणि निळ्या दिव्याची मोहीम

आल्यागेल्या पाहुण्यांचे सेवेशी विज्ञापना ऐसी की, आपण आमच्या दिवाणखान्यात पाऊल ठेविताच पुसता, "अहो, इथे सगळं निळं निळं का दिसतंय? कोणी आजारी आहे का?" त्याचा जबाब देता देता घरच्या मंडळींची जीभ झिजली. सबब जे घडले ते अथपासून इतिपर्यंत, पदरचे तिखटमीठ न लाविता, कागदी मांडिले आहे. पाहुण्यांनी पाणी पिऊन, दम घेऊन सावकाश वाचावे. मध्ये शंका काढू नये, कारण बखरकाराचा स्वभाव तापट आहे.

ऐसियास, दंतवैद्य म्हणून एक मातबर पुरुष या घरी राज्य करीत. राज्य म्हणजे वर तीन खोल्या, एक गॅलरी, आणि तळमजल्यास दवाखाना. पैकी हुकूम चाले तो दवाखान्यात, कारण तेथे रयतेचे तोंड उघडे असोन बोलता येत नसे. वरच्या मजल्याचा अवघा कारभार बाईसाहेबांकडे. बाईसाहेब शाळेत भूगोल शिकवीत, आणि नकाशावरचा एक ओढाही ज्यांच्या नजरेतून निसटत नसे त्यांच्या तावडीतून नवरा कोठून निसटणार? तेव्हा राज्य सुखाने चालले होते.

दंतवैद्यांस वडील भगिनी एक, त्या अक्कासाहेब. मोठ्या मालवाहू जहाजावर इंजिनीयर, सहा सहा महिने दर्यात स्वारी. त्यांची सारी माया एका दीड हात लांब काचेच्या टाकीत साठविली होती. टाकीत खारे पाणी, दोन दगड, आणि दगडावर पंजाएवढे एक हिरवट तपकिरी प्रवाळ. अजाण लोक प्रवाळास दगड समजतात, कोणी झाड समजतात, परंतु तो जिवंत प्राणी, शेकडो बारीक तोंडांचा, आणि बहुतेक उजेडावर गुजराण करणारा. अक्कासाहेबांनी नखाएवढा तुकडा आणिला होता, आणि अकरा वर्षे तळहातावरच्या फोडासारखा जपोन तो पंजाएवढा केला.

आता एक जुने दुखणे सांगणे प्राप्त आहे. दंतवैद्य सात वर्षांचे असता अक्कासाहेबांपाशी एक सोनेरी मासा होता, त्याचे नाव शेठ. शेठ जरा मळकट दिसतात, ऐसे मनात येऊन बाळदंतवैद्यांनी त्यांच्या बरणीत अर्धी ट्यूब टूथपेस्ट पिळिली. हेतू निर्मळ होता. परंतु तासाभरात शेठ उताणे जाहले, आणि अक्कासाहेब तीन दिवस जेवल्या नाहीत. तेव्हापासोन त्यांणी या भावाच्या हाती जीव असलेली कोणतीही वस्तू म्हणून दिली नाही. कुंडीस पाणीदेखील घालू दिले नाही. हा बंदोबस्त अडतीस वर्षे चालिला.

यंदा मात्र टाकी सांभाळणारी शेजारीण बदली होऊन परमुलखी गेली, आणि अक्कासाहेबांची स्वारी तर चार दिवसांवर आली. मग नाइलाजे त्यांणी टाकी आणून भावाच्या दिवाणखान्यात ठेविली, आणि जाता जाता जिन्यात थबकोन इतकेच बोलिल्या, "बघ हं."

त्या दोन शब्दांचे वजन दंतवैद्यांस आपल्या पदवीहून अधिक वाटले. त्यांणी मनाशी पण केला की, अक्का परत येईतो या प्रवाळाच्या केसासही धक्का लागू द्यावयाचा नाही. प्रवाळास केस नसतात हे बाईसाहेबांनी निदर्शनास आणिले, परंतु पण होऊन गेला होता.

दोन महिने निर्वेध गेले. तिसऱ्या महिन्यात भर दुपारी टाकीवरील जुना दिवा फडफडला, आणि एकदा तांबूस होऊन गतप्राण जाहला. उजेड तीच प्रवाळाची रसद, ती तुटली. दंतवैद्यांच्या तोंडचे पाणी पळाले. एका रुग्णाच्या तोंडात कापूस तैसाच ठेवोन त्यांणी स्कूटरला किक मारिली आणि थेट टाकीवाल्या काकांचे दुकान गाठिले. (रुग्णाची मागाहून सुटका जाहली. तो अद्याप आमच्याकडेच येतो.)

टाकीवाले काका म्हणजे माशांच्या मुलखातील मोठे मुत्सद्दी. बोलताना नजर गिऱ्हाइकाकडे नाही, काचेकडे. त्यांणी दोन एलईडी दिवे पुढे मांडिले. एक निळा, अंगाने किरकोळ, बाजूस उजेड कमीजास्त करावयाची चकती. दुसरा पांढरा, थोर देहाचा, पाठीस पंखा, लाविता क्षणी अवघ्या दुकानातील मासे दगडाआड पळाले. काकांचा सल्ला ऐसा पडला की, समुद्रात खोल उतरावे तसा निळाच उजेड उरतो, प्रवाळास त्याचीच सवय, सबब निळा न्यावा, आधी अगदी मंद ठेवावा, आणि मग दर आठवड्यास थोडथोडा चढवावा.

परंतु दंतवैद्यांनी निळ्या उजेडात आपला हात पाहिला, तो बुडालेल्या मनुष्याच्या हातासारखा दिसला. त्यांच्या धंद्याचा कायदा असा की, दाताची छटा स्वच्छ पांढऱ्या उजेडातच पारखावी. वीस वर्षे त्यांणी दुसरा उजेड मानिला नव्हता. मग त्यांणी निळ्यास मुजरा करून बाजूस सारिले, आणि पांढऱ्यास पसंत केले. काकांनी काचेवरची नजर प्रथमच काढिली आणि म्हणाले, "तुमची मर्जी. पण ते दात नाहीत हो."

तो इशारा दंतवैद्यांनी वाऱ्यावर सोडिला. पांढरा दिवा थाटाने टाकीवर चढला, पहिल्या दिवसापासोन पुऱ्या जोराने, दिवसाचे बारा तास. दिवाणखान्यात ऐसा लखलखाट जाहला की बाईसाहेब काळा चष्मा लावोन वह्या तपासू लागल्या, आणि त्यांणी ताकीद दिली की, काकांचे ऐकिले असते तर बरे होते, पुढे काही जाहल्यास मजकडे येऊ नये.

मग दंतवैद्यांनी ती गोष्ट केली, जी त्रिभुवनात दुसऱ्या कोणासही सुचली नसती. दवाखान्यात दातांच्या छटांची एक पट्टी असते. तीवर सोळा खोटे दात, पिवळ्यापासून शुभ्रापर्यंत ओळीने बसविलेले. कवळी करताना ती रुग्णाच्या ओठाशी धरोन रंग जुळवितात. दंतवैद्य रोज सकाळी आठास ती पट्टी टाकीच्या काचेशी धरीत, आणि एक डोळा मिटोन प्रवाळाची छटा वहीत टिपून घेत. पहिल्या दिवशी प्रवाळ पट्टीच्या पार पिवळ्या टोकाबाहेर होते. पाचव्या दिवशी ते पट्टीत आले. आठव्या दिवशी मध्यावर. बाराव्या दिवशी ते पट्टीतील सर्वांत शुभ्र दाताशी तंतोतंत जुळले, जो दात लग्नाळू मंडळी हटकोन मागतात आणि जो कोणासही शोभत नाही.

दंतवैद्यांचा आनंद गगनात मावेना. वीस वर्षे ज्याने पिवळे ते वाईट आणि पांढरे ते चांगले इतकेच पाहिले, त्याने दुसरे काय समजावे? त्यांणी प्रवाळाची छबी काढोन अक्कासाहेबांस खलिता धाडिला की, 'कळविण्यास अत्यंत आनंद होतो, तुझं प्रवाळ आता इतकं स्वच्छ झालंय की ओळखू येणार नाही.' ती छबी खुर्चीतल्या हरएक रुग्णास दाखविली. रुग्णांची तोंडे उघडी असल्याकारणाने कोणी हरकत घेतली नाही.

अक्कासाहेबांचे जहाज भर दर्यात, तेथे फोनास रेंज नाही. चार दिवसांनी ते किनाऱ्यालगत आले आणि जबाब येऊन थडकला. तो जसाचा तसा नकलून देतो.

"अरे गाढवा, पांढरं होतंय म्हणजे मरतंय ते! उजेड बंद कर आधी! शेठ आठवतोय ना?"

हे वाचताच दंतवैद्यांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांणी धावत जाऊन दिवा विझविला. टाकीत ते पांढरेफटक प्रवाळ हाडासारखे पडले होते, आणि इतके दिवस त्यांस ज्याचा अभिमान वाटला त्याकडे आता बघवेना. ते जिना उतरून दवाखान्यात गेले, आणि स्वतःच रुग्णाच्या खुर्चीत आडवे होऊन छताकडे पाहत राहिले. त्यांस सात वर्षांचे असतानाची ती बरणी दिसली, पाण्यावर आलेला फेस दिसला, आणि पंचेचाळीस वर्षांचा तो गृहस्थ हुंदके देऊन रडला. बखरकाराने हे लपविले असते, परंतु खरे ते लिहिणे भाग आहे.

बाईसाहेबांनी मजकडे येऊ नये म्हणोन बजाविले होते, म्हणोन त्या आपणच आल्या. त्यांणी परिस्थिती पाहिली आणि फर्माविले, "अहो, मेलंय का आजारी आहे ते आधी तपासा तरी! पेशंटला असंच न बघता घरी पाठवता का?"

"तपासू कसं? त्याला काय, आ कर म्हणू?"

ऐसे बोलोन दंतवैद्यांनी कूस बदलिली, तो त्यांची नजर खुर्चीशेजारच्या खुंटीवर गेली. तेथे दातातील सिमेंट घट्ट करावयाचा हातदिवा टांगला होता, बोटाएवढा, तोही एलईडी, आणि रंगाने निळा. सोबत दोन नारिंगी चष्मे, कारण तो निळा झोत नुसत्या डोळ्यांनी पाहणे मना. आणि दंतवैद्यांस ठाऊक होते की, त्या झोतात नारिंगी चष्म्यातून पाहिले असता अस्सल दात मंद चमकतो, आणि खोटा दात बहुधा काळाठिक्कर राहतो. हा दिवा ते रोज दहा वेळा हाती धरीत. निळ्या उजेडाची इतकी ओळख असोन दुकानात त्यांस ती आठवली नव्हती. प्रवाळात जीव उरला असल्यास तेही ऐसेच चमकेल, हे मनात येताच ते ताडकन उठोन बसले.

मग उभयतां नारिंगी चष्मे चढवोन, हातदिवा घेऊन, एकेक पायरी गाळीत वर धावले. बाईसाहेबांनी पडदे ओढिले. दिवाणखान्यात काळोख जाहला. दंतवैद्यांनी काचेशी दिवा धरिला. बटण दाबिले. झोत मध्यावर पडला, तेथे काही नाही. डावीकडे नेला, तेथेही काही नाही. दहा सेकंद भरल्याची शीळ दिव्याने दिली. मग त्यांणी झोत हळूहळू कडेने फिरविला, आणि खालच्या घडीत, दगडालगत, एक बारीक हिरवी रेघ पेटली.

"आहे! अगं, आहे, आहे, जिवंत आहे!" दंतवैद्य ओरडले, आणि बाईसाहेबांनी त्यांस चष्म्यासकट मिठी मारिली.

दुसरे दिवशी सकाळी दंतवैद्य मान खाली घालोन काकांच्या दुकानी हजर जाहले आणि निळा दिवा मागितला. काका मोठ्या मनाचे. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य त्यांणी केवळ तीनदा उच्चारिले.

आणि मग सुरू जाहली ती खरी मोहीम, कारण लढणे सोपे, हात बांधोन बसणे कठीण. पहिले काही आठवडे निळा दिवा अगदी मंद, तोही चार तास. दंतवैद्यांच्या बोटांस चकती फिरवावयाची ऐसी खाज सुटे की विचारू नये. मग बाईसाहेबांनी चकतीवर चिकटपट्टी लाविली आणि वर आपल्या फळ्यावरच्या ठसठशीत अक्षरांत लिहिले, 'हात लावू नये. विशेषतः तुम्ही.' छटांची पट्टी जप्त होऊन त्यांच्या कपाटात कैद जाहली. दर सोमवारी त्या स्वतः चिकटपट्टी उकलीत, चकती एक कण फिरवीत, आणि पुन्हा बंद करीत. एक महिन्याने कडेस तपकिरी झाक आली. दोन महिन्यांनी प्रवाळाने बारीक तोंडे उघडिली, आणि दंतवैद्यांनी ती सारी मोजावयाचा यत्न करून अर्धा दिवस दवाखाना बंद ठेविला.

मग तो दिवस उगवला. अक्कासाहेब बॅग हाती, बूट पायी, कोणाशी न बोलता थेट टाकीपाशी गेल्या आणि काचेस नाक लाविले. बाईसाहेबांनी नारिंगी चष्मा पुढे केला. अक्कासाहेबांनी तो लाविला, आणि निळ्या दिव्याखाली ते प्रवाळ हिरवेगार पेटलेले पाहिले, फक्त मध्यावर अंगठ्याएवढा एक भाग काळा होता, तो पुन्हा जिवावर आलाच नाही.

दंतवैद्य दाराशी उभे राहून म्हणाले, "अक्का, तेवढं मी मारलं."

अक्कासाहेबांनी बाह्या सरसाविल्या, बॅगेतून बारीक कातर काढिली, पाण्यात हात घातला, आणि प्रवाळाची सर्वांत हिरवी कड खटकन कापिली.

"अगं, काय करतेस! आत्ता कुठे सावरलंय ते! दुखेल त्याला!" ऐसे ओरडत दंतवैद्यांनी पुढे झेप घेतली आणि भगिनीचे मनगट घट्ट धरिले. अडतीस वर्षांत प्रथमच अक्कासाहेबांपासून कोणाचे रक्षण करावयास तो भाऊ धावला होता. अक्कासाहेबांनी त्याच्याकडे पाहिले, आणि त्यांचे डोळे भरले, आणि त्या हसल्या.

"सोड. काही होत नाही. असंच वाढवतात." नखाएवढा तो तुकडा त्यांणी एका खड्यावर चिकटविला, स्वयंपाकघरातून काचेची बरणी मागविली, टाकीतले पाणी भरिले, त्यात तो खडा सोडिला, आणि बरणी भावाच्या दोन्ही हातांत दिली. "हा घे. तुझा. उद्या याला मोठी टाकी आण. आणि नाव शेठ ठेव."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. तहाची कलमे दोन. टूथपेस्टने न्हाणीघराचा उंबरठा ओलांडू नये, आणि दिवाणखान्यात निळा दिवा अक्षय तेवावा, पाहुणे काय वाटेल ते म्हणोत. जाया जाहलेले, अंगठ्याएवढे. कमाविलेले, नखाएवढे. आज सकाळी आठास दंतवैद्यांनी नारिंगी चष्मा लावोन पाहणी केली, त्याची नोंद करून लेखणी ठेवितो. शेठ सुखरूप आहेत.