बाबांचे चार किलो

माझं नाव ऐकून गुन्हेगार थरथर कापतात, असं मी म्हणणार नाही. आमच्या वावाउ बेटावर गुन्हेगार मुळात दोनच, आणि ते दोघंही माझे मावसभाऊ, त्यामुळे त्यांना माझ्या नावाची सवय झाली आहे. पण तर्कशक्ती म्हणाल, तर या लिसियातेला अख्ख्या टोंगात तोड नाही. पाद्रीबाबांच्या चोरीला गेलेल्या चपला मी अकरा दिवसांत शोधून काढल्या. त्या त्यांच्याच पायात होत्या, हा भाग वेगळा. उरलेल्या वेळात मी धक्क्यावर बोटीचा माल तोलतो.

बाबांची केस मला कुणी दिली नाही, मीच घेतली. बाबांच्या किडन्या तीन वर्षांपासून कुरकुरतायत. त्यांच्यासाठी आई अळकुड्या दोनदा उकडते आणि दोन्ही वेळचं पाणी ओतून टाकते. मीठ बंद, शहाळं बंद, डब्यातलं खारं मांस बंद, आणि प्यायला दिवसाला फक्त एक लिटर पाणी. एवढं सगळं काटेकोर चालू असताना चार महिन्यांनी केलेल्या तपासणीत दवाखान्याच्या काट्यावर बाबा एकशे बाराचे एकशे सोळा झाले.

"चार किलो म्हणजे चार लिटर पाणी अंगात साठलंय," डॉक्टर म्हणाले. त्यांनी पाणी अर्ध्या लिटरवर आणलं. "पुढच्या शुक्रवारी वजन उतरलं नाही, तर विमानाने राजधानीच्या इस्पितळात."

बाबांचा चेहरा पडला. शुक्रवारनंतरच्या रविवारी त्यांच्या आत्याच्या सुतकाचा शंभरावा, शेवटचा दिवस होता. याच आत्याने त्यांना लहानाचं मोठं केलं. भाच्याशिवाय तिच्या थडग्यावर शंभरावा दिवस झाला असता, तर बाबांनी ते जन्मभर मनाला लावून घेतलं असतं.

"मी थेंबभर पाणी जास्त प्यायलो नाही रे," घरी आल्यावर ते म्हणाले.

"प्रत्येक आरोपी हेच म्हणतो," मी म्हणालो. आईने मला हातातल्या पंख्याने एक ठेवून दिली.

पहिला संशय कलिंगडावर. मी शेजारच्या मळ्यातली सगळी कलिंगडं मोजून आलो. दुसऱ्या दिवशी एक कमी भरलं. गुन्हेगार सापडला, पण ते शेजाऱ्याचं डुक्कर निघालं.

मग मी कावा, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं आमचं गुंगीचं पेय, पिणाऱ्या मंडळींवर आलो. बाबा दर शनिवारी तिथे गाणी म्हणायला जातात. वेष पालटून, म्हणजे टोपी घालून, मी त्यांच्यात जाऊन बसलो.

"ये लिसियाते," सगळे म्हणाले.

मी बावीस वाट्या कावा प्यायलो. बाबांनी एकही घेतली नाही, नुसत्या टाळ्या वाजवल्या. त्या तपासात माझं वजन दीड किलोने वाढलं आणि जीभ दुसऱ्या दिवशी जेवणापर्यंत बधिर होती.

शेवटी शास्त्राची कास धरली. गुरुवारी धक्क्यावरचा काटा घरी आणला आणि बाबांना नुसत्या लुंगीवर त्यावर उभं केलं. एकशे बारा!

"बघ, मी सांगत होतो की नाही?" बाबा म्हणाले.

"घरी एकशे बारा, दवाखान्यात एकशे सोळा. याचा अर्थ एकच," मी म्हणालो. "मधल्या तीन किलोमीटरांत तुम्ही चार लिटर पाणी पिता."

"अरे, मी माणूस आहे की बंब?" बाबा म्हणाले. मग ते हळूच आईकडे वळले. "लविनिया, मी झोपेत उठून पितो का गं?" आमच्या आरोपांनी बाबांचा स्वतःवरचाच विश्वास उडाला होता.

शुक्रवारी बाबांनी काळा सदरा घातला, आमच्या रिवाजाप्रमाणे सुतकाची मोठी चटई कमरेला गुंडाळली, वरून दोर आवळला आणि आम्ही निघालो. वाटभर मी त्यांच्या तोंडावरची नजर हलवली नाही. त्यांनी फक्त एकदा जांभई दिली. दवाखान्यात ते काट्यावर चढले. एकशे सोळा.

सिस्टर अनासेइनीने सुस्कारा सोडला आणि विमानाचा कागद पुढे ओढला.

"थांब गं," बाकावरून आई म्हणाली. "चटई कशाला मोजताय त्यांच्यात?"

"काकू, दुःखातल्या माणसाला चटई उतरवा असं कसं म्हणू मी?" सिस्टर म्हणाली.

"तू नको म्हणूस, मी म्हणते. उतरवा हो. साडेतीन किलोची आहे ती. माझ्या आईने विणलीय, आणि रोज संध्याकाळी दोरीवरून मीच काढते."

चटई उतरली. एकशे बारा. सिस्टरने कागद टरकावला आणि कळशीतून भांडंभर पाणी आणलं. बाबा ते डोळे मिटून, घोट घोट करत प्यायले.

"आई, तू आधी का नाही बोललीस?" मी विचारलं.

"तू पाणी कोण पितो ते विचारत होतास. चटईचं कुठे विचारलंस?"

"बाबा, चुकलो मी," मी म्हणालो. त्यांनी रिकामं भांडं माझ्या डोक्यावर उपडं ठेवलं. याचा अर्थ माफी.

जाता जाता, निव्वळ धंद्याच्या सवयीने, मी चटई काट्यावर टाकली. चार किलो.

"साडेतीन," आई म्हणाली.

अर्धा किलो जास्त! मी घडी करायच्या निमित्ताने चटई दाराआड नेली. आतल्या पदरात काहीतरी गोल, थंड लागलं. खाऱ्या मांसाचा डबा. बाबा माझ्या मागे येऊन उभे होते.

"आत्याने दिलेला शेवटचा," ते कुजबुजले. "दर वाढदिवसाला द्यायची. डॉक्टरांनी बंद केलंय म्हटलं, तर म्हणाली, डॉक्टर काय तुझी आत्या आहे?"

मी डबा फिरवून पाहिला. झाकणाला नखसुद्धा लागलं नव्हतं. "खावासा नाही वाटला?"

"रोज वाटतो. पण खाल्ला असता, तर मग जवळ काय राहिलं असतं?"

माझ्या आयुष्यातला पहिला बरोबर निघालेला तर्क माझ्या हातात होता. मी तो परत पदरात सरकवला आणि चटई बाबांच्या कमरेला नीट बांधून दिली.

"चार कसे भरले रे?" बाहेरून आईने विचारलं.

धक्क्यावर मी सोळा वर्षं माल तोलतोय. "काटा बिघडलाय," मी म्हणालो.