हरकत असंल तर सांगा

आमचं दार सताड उघडं असलं तरी शेजारचे आप्पा सोनवणे उंबऱ्याबाहेर थांबतात आणि विचारतात, "लाइन क्लिअर हाय का?" आतून कुणीतरी "क्लिअर" म्हणेपर्यंत त्यांचं पाऊल पुढे पडत नाही. एकदा बायको माझ्यावर तडकलेली होती. नेमकं तेव्हाच आप्पांनी विचारलं आणि ती मला म्हणाली, "नाही म्हणजे नाही." आप्पा आणलेल्या थालीपिठांसकट परत गेले.

आप्पांची सगळी नोकरी दौंडला रेल्वेच्या केबिनमध्ये गेली. पुढच्या स्टेशनानं हो म्हटल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हे तिथं ठीक. पण निवृत्त होताना ते हे घरी घेऊन आले. मुलाच्या लग्नात मंगल गाथा संपल्या, सगळ्यांनी फुलं टाकली, आप्पा मूठ आवळून उभेच. का, तर "व्याह्यांनी मान हलवली न्हवती."

हा मुलगा आता इंग्लंडात असतो. काकूंचा दमा वाढला, डॉक्टरांनी बंबाचा धूर बंद करा म्हणून बजावलं, तेव्हा त्यानं आईसाठी हीट पंप मागवून दिला. हवेतली ऊब ओढून पाणी तापवणारं यंत्र. दिसायला एसीच्या बाहेरच्या खोक्यासारखं. फोनवर तो सहज बोलून गेला, की तिकडं हे बसवायला नियम असतात. शेजाऱ्याच्या खिडकीपासून लांब हवं, आवाज फार नको. झालं.

"तिकडं नियम हाय, मंग हितं कसा न्हाई?" म्हणत आप्पांनी सणसवाडीहून आलेल्या फिटरला दारातूनच परत पाठवलं. तो बिचारा सांगत होता, "अंकल, इसका परमिशन कोई नहीं पूछता." आप्पा म्हणाले, "कोई पूछता नहीं, इसलिए हम पूछेगा." परवानगीशिवाय यंत्र स्वतःच्या हद्दीत ठेवणं त्यांना पटेना. माझ्या हद्दीत पटलं. खोकं आमच्या पोर्चमध्ये आलं आणि माझी स्कूटर उन्हात गेली.

मग आप्पांनी मला नगरपरिषदेत नेलं. मी शिरूरला शाळेत शिकवतो, म्हणून मला कायदा कळतो असा त्यांचा समज आहे. मला माझ्या रजेचे नियम कळत नाहीत.

बांधकामाचे साहेब म्हणाले, "आप्पा, एसीला कुणी परवानगी मागतं का? हेही तसंच. बसवा."

"पर मनाई असंल तर?"

"मनाई नाही हो."

"आन् आवाज झाला तर?"

"झाला तर शेजारी बोलतील."

"मंग आदी शेजाऱ्यास्नी इचाराय पायजेल." आप्पा उठले. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू आप्पांना मीच शिकवून आणलं होतं.

एकेक शेजारी विचारून होईतो थंडी वाढली. काकूंची ढास रोज आमच्या चहाला सोबत करू लागली. बायको म्हणाली, "तुमच्या परवानग्यांत त्या बाईचा जीव जाईल." त्यात मी कसा आलो कळेना. पण स्कूटर आणि काकू, दोघींची एकदाच सोय लावायची, असं ठरवून एका सकाळी मी तरातरा निघालो.

मधल्या बुटक्या भिंतीपाशीच थांबलो. परसात बंब धुमसत होता. काकू पाटावर बसलेल्या, संधिवातानं वाकडी झालेली बोटं पुढे धरून. आप्पांनी तांब्यातलं पाणी आधी स्वतःच्या कोपरावर घेतलं.

"क्लिअर?"

"क्लिअर," काकू म्हणाल्या.

मग धार धरून, एकेक बोट चोळत आप्पा बोलत राहिले. कुठली गाडी लेट आहे, कुणाच्या म्हशीला रेडी झाली, इंग्लंडात आत्ता काय वाजले असतील. एरवी दिवसभर घरात हा माणूस मुका असतो, हे आम्हाला भिंतीअलीकडूनही ठाऊक होतं. मधेच काकूंना ढास लागली. आप्पांचा हात थांबला. त्यांनी मान फिरवून बंबाकडे पाहिलं, चोरासारखं.

इतके दिवस मला वाटत होतं, आप्पा हिरवा दिवा शोधत हिंडतायत. हा माणूस लाल शोधत होता.

त्याच दिवशी ते आमच्याकडे आले. मी "क्लिअर" म्हटल्यावर आत आले, पण बसले नाहीत.

"गुरुजी, मशीन तुमच्या खिडकीखाली येतंय. घरघर व्हईल. हरकत असंल तर सांगा. म्या वाईट वाटून घ्येनार न्हाई."

एवढ्या आशेनं माझ्याकडे आजवर कुणी पाहिलेलं नाही. वर्गात तर नाहीच. मी तोंड उघडलं आणि भिंतीपलीकडून ढास ऐकू आली.

"हरकत नाही, आप्पा."

"बगा बरं. झोपमोड व्हईल."

"होऊ दे."

"बरं," म्हणाले, आणि चपला आमच्या दारात विसरून अनवाणीच गेले.

फिटर आला. यंत्र माझ्या खिडकीखाली बसलं आणि दूध तापताना येतो तेवढाच आवाज करू लागलं. फिटर खुशीत होता. "आंटी, बाथरूम में नल देता हूँ. हाथ लगाओ, गरम पानी. अब किसी की ज़रूरत नहीं."

आप्पा गार बंबापाशी उभे होते.

काकू पदर खोचत बाहेर आल्या. "न्हाणीत नगं. नळ हितं दे." वाकड्या बोटानं त्यांनी बंबाची जागा दाखवली.

"बाहर? ठंड में?"

"व्हय." त्यांनी पाट ओढला, बसल्या. नळ लागेपर्यंत हलल्या नाहीत. मग आप्पांना म्हणाल्या, "अवं, तांब्या कुटं हाय?"

आप्पांनी तांब्या आणला, नळाखाली भरला, पाणी कोपरावर घेतलं. आणि तसेच उभे राहिले.

काकूंनी जरा वाट पाहिली. मग हात पुढे केले.

"क्लिअर हाय," म्हणाल्या. "सोडा."