स्तूपाच्या पोटात

कोंडाण्याच्या लेण्याचा वास मला आजही भाताच्या कोंड्यासकट आठवतो. वटवाघळांचा उग्र, ओलसर वास लेण्याचा. कोंड्याचा कोरडा, गोडसर वास भाऊकाकांचा. कर्जतला आमच्या शेजारी त्यांची भाताची गिरणी होती. गिरणी बंद असेल त्या दिवशी, जो पाहुणा हाती लागेल त्याला हे गृहस्थ रानवाटेने लेण्यात नेत आणि चैत्यगृहातल्या स्तूपाचा अर्थ सांगत. अर्थ दर वेळी निराळा असे.

“हे पालथं घातलेलं भिक्षापात्र हाय. पटलं?” पाहुण्यांनी मान डोलावली, की पुढच्या खेपेला ते पात्र बाद. “मागलं इसरा. हा पाण्यावरचा बुडबुडा. आता हाय, आता नाय. पटलं?”

खोपोलीच्या एका मास्तरांना तर त्यांनी जाताना बुडबुडा सांगितला आणि येताना भाताची रास. मास्तर गोंधळून म्हणाले, “मग मुलांना काय सांगू?”

“थांबा जरा,” काका म्हणाले. “अजून ठरलं नाय.”

मी कवितेवर वाढलेली. एका प्रतिमेत अनेक अर्थ नांदतात, हे मला मान्य होते. पण भाऊकाकांचे अर्थ एकमेकांना घराबाहेर काढत. एकदा आम्ही दोघेच लेण्याकडे निघालो असता मी म्हटले, “काका, एकदा काय ते ठरवा. माझ्या डोक्यात नुसता काला झालाय.”

“तुझं सोड गं. तुझ्या काकूला सांगायचं ऱ्हायलंय.”

काकू जाऊन बरेच पावसाळे लोटले होते. मग चालता चालता त्यांनीच सांगितले. लग्न नवे असताना त्यांनी काकूंना इथे आणले होते. काकूंनी स्तूपाला कान लावला, बांगड्या दगडाला लागून किणकिणल्या, आणि त्यांनी विचारले, “ह्याच्या पोटात काय हाय वो?” गावभर शहाणा म्हणून मिरवणाऱ्या नवऱ्याला उत्तर येईना. “पुढल्या खेपेला सांगतो,” ते म्हणाले. मग गिरणी आली, संसार आला, काकूंचे आजारपण आले. पुढली खेप तेवढी आली नाही.

लेण्यात पोहोचल्यावर काकांनी त्या झिजलेल्या दगडावर तळवा ठेवला, पोत्यातले भात अजमावावे तसा.

“मागलं सगळं इसर. हा डोंगरातच कोरलाय. आत पोकळी नाय, अस्थी नाय, कायपण नाय. निव्वळ दगड. तरी माणसं ह्याच्याभोवती फिरत ऱ्हायली.”

खांबांमागच्या अरुंद वाटेने ते प्रदक्षिणेला निघाले, मी मागोमाग. अंधारात माझ्या बांगड्या खांबाला लागून किणकिणल्या. काका जागीच थांबले. मागे वळून त्यांनी पाहिले नाही. इतकी वर्षे पाहुण्यांवर आदळलेला तो शब्द, तांदळावरचा कोंडा फुंकरावा इतक्या हलक्या आवाजात, त्यांनी उच्चारला:

“पटलं?”