अप्पांचं वझं

आमच्या उमापुरात मन्मथअप्पा दुसऱ्याच्या लग्नालाही स्वतःचा पाट काखेत मारून जात. यजमानाच्या गड्यानं आपल्यासाठी पाट उचलावा, हे त्यांना चालत नसे. "आपलं वझं आपल्या डोक्यावर," म्हणत पाट टाकायचा आणि बसायचं. जेवण झालं की पाट पुन्हा काखेत. मागे पंगत हसत असे.

खरं तर अप्पा मोठे दुकानदार. गेवराईच्या कचेरीत त्यांना खुर्ची मिळे. पण दुकानापेक्षा त्यांचा जीव वेठ मोडण्यात जास्त. साहेबांचा दौरा आला की शिपाई दिसेल त्याला धरून पुढच्या गावापर्यंत सामान वाहायला लावत, तेही फुकट. मजुरी दिल्याशिवाय कुणाला राबवू नये असा सरकारी हुकूम होता; तो कचेरीच्या बाहेर मात्र कधी येत नसे. अप्पांनी त्याची नक्कल मिळवली आणि फेट्यात खोचून ठेवली.

एकदा ऐन पेरणीत तहसीलदारांच्या शिपायानं महारवाड्यातल्या सटवाला चाड्यावरून उठवलं. त्याचा एवढासा तुकडा अर्धा पेरायचा राहिला होता. अप्पांनी वाटेतच त्याच्या डोक्यावरची पेटी ओढून आपल्या डोक्यावर घेतली.

"अप्पा, तुमी नका उचलू. लोक मलाच मारतेल!"

"जा बे, रानातली वल उडायलीय. पेरून घे."

पेटी तहसीलदारांपुढे उतरवून अप्पांनी फेट्यातला कागद काढला आणि हुकूम घडाघडा वाचला.

"अप्पासाहब, कागज तो उलटा है," तहसीलदार म्हणाले.

अप्पांना उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं. सगळं ऐकून पाठ केलेलं.

"कागद उलटा आसंल, साहेब. हुकूम तर सुलटा हाय न्हवं?"

तहसीलदारांना हसू आवरेना. पुढे मजुरी देऊन माणूस लावला गेला, आणि सटवाचा तुकडा त्याच दिवशी पेरून झाला.

हाच नियम अप्पांनी घरालाही लावला. त्यांचा एकुलता एक विश्वनाथ हैदराबादला सरकारी नोकरीत लागला. पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याची पेटी वेठीला धरलेल्या माणसाच्या डोक्यावर होती. अप्पा उंबऱ्यात आडवे उभे राहिले. "आधी सोता उचल, मग आत ये." सगळी गल्ली बघत होती. विश्वनाथ तसाच मागे फिरला. नंतर कधी आला नाही, आणि अप्पांच्या तोंडून त्याचं नावही कुणी ऐकलं नाही.

काही वर्षांनी मी कॉलेजसाठी हैदराबादला निघालो. आमच्या घरातून इतक्या लांब शिकायला जाणारा मी पहिलाच. जालन्याला आगगाडी धरायची होती. वेशीत बैलगाडी जुंपत होते तेवढ्यात अप्पा आले. हातात फडक्यानं तोंड बांधलेलं गाडगं.

"शेंगाची चटणी हाय. इसनाथला लई आवडती." गाडगं पुढे करत म्हणाले, "दगडू, माझं एवढं वझं नेशील का?"

मी दोन्ही हातांनी गाडगं घेतलं. त्यांनी माझ्या मुठीत एक आणा कोंबला.

"अप्पा, मजुरी कशाला?"

"मग वेठ झाली की ती."

मी आणा खिशात ठेवला आणि भीत भीत विचारलं, "काही निरोप?"

अप्पा गाडीचा दांडा धरून उभे राहिले. गाडीवानानं दोनदा खाकरून पाहिलं.

"ये म्हनावं. पेटी हितं येशीतच उतरीव म्हनावं," अप्पा म्हणाले. "हितून पुढं मी आनतो."