तळ्याकाठच्या स्टेशनचे नाना

आमच्या स्टेशनवर कोणी नवा माणूस उतरला की पंपवाले नाना त्याच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायचे आणि म्हणायचे, "चाखी दखा." त्याने घोट घेतला की इतिहास सुरू.

धुळ्याकडे जाणाऱ्या फाट्याच्या लाइनीवरचं आमचं गाव लहान, पण तळं मोठं. तळ्याचं पाणी पंपाने ओढून इंजिनात भरणं हे नानांचं काम. मी तिथे बुकिंग क्लार्क म्हणून आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "भाऊ, तळं शे म्हनीसन टेशन शे, टेशन शे म्हनीसन तू शेस." म्हणजे तळं आहे म्हणून स्टेशन, आणि स्टेशन आहे म्हणून मी.

त्यांच्या मते रूळ पलीकडच्या गावावरून जायचे होते. पण एक गोरा साहेब घोड्यावरून आला, तळ्याचं पाणी प्याला आणि त्याने रूळच वळवले. घोडा कधी पांढरा असायचा, कधी तांबडा. मी एकदा विचारलं, "नाना, याला काही कागदपत्र?"

"कागद काय सांगी? पानी सांगस!"

गाडी इथे दहा मिनिटं थांबायची. नाना इंजिनाच्या हौदात नळ सोडत, "पी ले, माय," म्हणत आणि मदतनीसाच्या हाती चावी देऊन डब्यांकडे धावत. मला वाटे, इतिहास सांगायलाच धावतात.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, तळ्यात मधोमध डबकं उरलं. बाया घागरी घेऊन पंपघरापाशी उभ्या राहू लागल्या. तपासणीला साहेब आले, तेव्हा नानाच पुढे झाले.

"साहेब, इंजिनले जंक्शनवर पानी भरा. आठलं पानी गावले द्या."

"मग गाडी इथे एकच मिनिट थांबेल," साहेब म्हणाले. "चालेल?"

नाना मागे वळले. घागरींच्या रांगेकडे पाहून म्हणाले, "चाली."

पंपाचं पाणी गावाला मिळू लागलं. बाया नानांना दुवा देत होत्या, आणि नाना मात्र खंगत चालले होते.

कारण मला पुढच्या महिन्यात कळलं. गाडी आली तशी खिडकीतून एका तरुण बाईने हाक मारली, "दादा!" नाना धावले, तिच्या हातापर्यंत पोचले, आणि गाडी सुटली. ती त्यांची एकुलती लेक; बापाला दादा म्हणायची. सासूबरोबर महिन्यातून एकदा धुळ्याला नोकरीवर असलेल्या नवऱ्याकडे जायची. सुनेला माहेरी पाठवायची सासूची रीत नव्हती. त्या दहा मिनिटांतच बापलेकीची भेट व्हायची.

त्यानंतरच्या महिन्यात गाडी थांबली, तर लेक कडेवर पोर घेऊन खाली उतरली. मागोमाग सासूने दारातून पेटी दिली.

"व्याहीबुवा, एक मिनिटमा काय बोलनं व्हस?" ती म्हणाली. "र्‍हाऊ द्या पोरगीले आठ दिन. मी जास पुढे."

गाडी गेली. नाना पेटी धरून तसेच उभे. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "भाऊ, घरमा ताट एकच शे."

मी खोलीवर जाऊन माझं ताट घेऊन आलो. तोवर लेक पोराला घेऊन घराच्या वाटेला लागलीही होती, आणि नाना डोक्यावर पेटी घेऊन तिच्यामागे चालले होते.