अप्पांचा रिझल्ट

“डबीकडे कमी बघा आणि अप्पांकडे जास्त. बीपीची गोळी तेवढी चुकू देऊ नका,” असं डॉक्टर पंचशीलाताईंनी मुग्धाला बजावलं होतं. मुग्धाने मान हलवली आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता ते विसरूनही गेली. तिचं एम.एस्सी. रसायनशास्त्रात झालं होतं. सासऱ्यांपेक्षा डबी वाचणं तिला सोपं जात होतं.

डबी अँटिऑक्सिडंट कॅप्सूलची होती. सासूबाई लेकीच्या बाळंतपणासाठी माहूरला गेल्या आणि अप्पा, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक श्रीपादराव, खुर्चीला जे चिकटले ते उठेनात. जेवण निम्मं, बोलणं त्याहून कमी. “मी येईन तेव्हा माणूस धडधाकट पाहिजे मला,” असं सुनेला सांगून सासूबाई एसटीत बसल्या होत्या. नवरा दिवसभर क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा, त्यामुळे माणूस धडधाकट ठेवायची जबाबदारी एकट्या मुग्धावर आली. अशा वेळी वरच्या मजल्यावरच्या सौदामिनीवहिनी डबी घेऊन खाली उतरल्या नसत्या तरच नवल.

“एका कॅप्सूलमध्ये अकरा वनस्पती हायत,” वहिनी म्हणाल्या. “माणूस आतून गंजतो बघा. हे गंज थांबवतं.”

“पण कुठली किती, ते कुठं लिहिलंय?”

“तुम्ही लई शिकलेल्या बाई. आपल्या लातुरात पुस्तक बघून कोण क्लास लावतं का? रिझल्ट बघून लावतात.”

मुग्धाने डबी घेतली. रोज सकाळी अप्पांच्या हातावर एक कॅप्सूल ठेवायची, शेजारी पाण्याचा पेला. अप्पा “हाव, घेतो” म्हणाले की ती आपल्या मुलीची, शिवांगीची, वेणी घालायला पळायची.

पण शंकेची पाल चुकचुकत राहिली. लायसन्सचा नंबर होता, मुदत लांबची होती, अकरा वनस्पतींची नावं ओळीने होती. वजन मात्र सगळ्यांचं मिळून एकच दिलेलं. म्हणजे दहा वनस्पतींना नुसतं डबीवर मिरवायला आणलं असेल तरी कळायला मार्ग नव्हता. शेवटी तिने प्रयोग करायचं ठरवलं. चिरलेलं केळं हवेने काळं पडतं. कॅप्सूलमध्ये दम असेल तर ते पिवळं राहायला हवं.

पहिला प्रयोग फसला, कारण भुकटीच तपकिरी होती. हवेने काही करायच्या आत चकती काळी. दुसऱ्या खेपेला तिने भुकटी पाण्यात कालवून गाळून घेतली, शेजारी एक कोरी चकती आणि एक लिंबू पिळलेली. मग लक्षात आलं की केळी एकसारखी पिकलेली नव्हती.

“अप्पा, केळी आणून देता का? पिवळीधमक. ठिपका नको.”

अप्पा कुरकुरत उठले आणि कोपऱ्यावरून ठिपक्यांची केळी घेऊन आले. मुग्धाने ती परत केली. आयुष्यभर दुसऱ्यांना नापास करणाऱ्या माणसाला हे लागलं. दुसऱ्या दिवशी ते तावातावाने पायी गंजगोलाईच्या बाजारात गेले.

“केळीवाला म्हणतो, अर्धापूरची हायत. मी म्हणलो, बेटा, अर्धापुरात मी शाळा चालवली. मला नको शिकवू.”

“मग कुठली निघाली?”

“अर्धापूरचीच. पण जरा धाकात राहतो.”

मुग्धाला रोज नवी केळी लागत होती आणि अप्पांना रोज नवा वाद. हळूहळू त्यांच्या गालांवर रंग चढला. ते दुसरी भाकरी मागून घेऊ लागले, शिवांगीला पाढे म्हणायला लावू लागले. बशीत मात्र कोरी चकती काळी पडायची, कॅप्सूलची तितकीच काळी पडायची आणि लिंबाची हसत राहायची. बशी एक सांगत होती आणि अप्पा दुसरंच.

सौदामिनीवहिनींनी अप्पांवर विश्वास ठेवला. “पत्रक छापून राहिले मी. गोलात अप्पांचा फोटो, टॉपरसारखा. खाली ओळ: ‘काल खुर्चीत, आज बाजारात.’”

मुग्धाला वाटलं, हा फोटो बघून गल्लीतल्या कुणी म्हाताऱ्याने आपली औषधं सोडली तर? आणि अप्पांनीच सोडली असली तर? बीपीच्या गोळीची चौकशी तिने कितीतरी दिवसांत केली नव्हती. अप्पांना विचारायचा धीर होईना, म्हणून तिने आणखी एक केळं चिरलं. शिवांगीने खाऊ नये म्हणून बशी झाकून उंच फळीवर ठेवली, अप्पांच्या पेल्यांना खेटून.

किल्लारीच्या भूकंपापासून अप्पा त्या फळीवर स्टीलचे तीन पेले एकावर एक उपडे रचून ठेवत. जमीन हलली की ते पडणार आणि घर जागं होणार. दाराशी एक पिशवीही कायम तयार असे. पेल्यांना आणि पिशवीला कुणी हात लावायचा नाही, असा दंडक होता.

सौदामिनीवहिनी फोटो काढायला आल्या आणि त्यांची नजर फळीवर गेली. “काय झाकून ठेवलंय वर?”

“काही नाही, वहिनी, राहू द्या.”

वहिनींनी टाचा उचलून बशी ओढली. तिन्ही पेले खणखणत खाली आले.

आतून अप्पा बाणासारखे सुटले. एका कडेवर शिवांगी, दुसऱ्या हातात पिशवी. उंबरा ओलांडून थेट समोरच्या मोकळ्या प्लॉटवर. त्यांना पळताना बघून शेजारचं क्लासच्या पोरांचं हॉस्टेल रिकामं झालं. निम्मी पोरं नोट्स घेऊन पळाली.

“सर, किती रिश्टर?”

“आधी भिंतीपासून लांब व्हा. उंचीप्रमाणे रांग लावा.”

रांग लागली. जमीन मात्र गप्प होती. मुग्धा धापा टाकत पोचली तेव्हा शिवांगीने बिस्किटांसाठी पिशवी उघडून आतली एक डबी उपडी केली होती. मातीत कॅप्सूलच कॅप्सूल.

“अप्पा, एकही घेतली नाही?”

“एवढी महागाची वस्तू खाऊन कशाला संपवायची? भूकंपात कामाला येईल म्हणून ठेवली.”

मुग्धाने विचारलं, “आणि बीपीची गोळी?”

“ती रोज घेतो की. ती स्वस्त हाय.”

मुग्धा तिथेच मातीत बसली आणि हसू लागली, मग थोडी रडली. आपला सासरा कशाने हिंडता-फिरता झाला, ते तिला तेव्हा कळलं. रोजच्या गंजगोलाईच्या फेरीने.

“मग माझ्या फोटोचं काय करू?” सौदामिनीवहिनींनी विचारलं. त्यांनी पळत्या अप्पांचा फोटो काढला होता आणि तो लई झकास आला होता.

सासूबाई माहूरहून परतल्या तेव्हा तो फोटो गंजगोलाईतल्या त्याच केळीवाल्याच्या गाड्यावर लटकत होता. त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि अर्धा डझन केळी घेतली.

तुमच्याही घरात कुणासाठी अशी डबी आली असेल. ती वाचून झाली असेल तर ठेवा खाली, आणि आतल्या खोलीत जाऊन बघून या. आधीची गोळी चालू आहे ना, आणि आज ते खुर्चीतून उठलेत का?