कुरुळीच्या व्हॉल्व्हची निर्दोष मुक्तता

शुभ्रवायू एनर्जी या गॅस-पाइपलाइन कंपनीची मिथेन-गळती सलग तीन वर्षं शून्य होती. गळती मोजायचं यंत्रच कंपनीकडे नसल्यामुळे या आकड्यात चूक निघण्याची शक्यताही शून्य होती. चौथ्या वर्षी पर्यावरण पुरस्काराच्या अर्जात 'यंत्रासह कर्मचाऱ्याचे छायाचित्र' असा रकाना आला. तेव्हा एक यंत्र मागवण्यात आलं आणि चाकण पट्ट्यातली देखभाल पाहणाऱ्या निरंजनला ते हातात देऊन कुरुळीच्या व्हॉल्व्हपाशी उभं करण्यात आलं.

निरंजन मुळात कामसू माणूस. फोटो झाल्यावर त्याने ते यंत्र चालू केलं. यंत्राने असा टाहो फोडला की फोटोग्राफर कॅमेरा टाकून हायवेपर्यंत पळाला.

शेजारच्या गोठ्यातून रंगराव सावकाश बाहेर आले.

"वास सहा महिन्यांपास्नं येतोय, साहेब. तुमच्या नंबरावर फोन लावला, तर ती बाई म्हणती, वासासाठी तीन दाबा. तीन दाबलं की गाणं लागतंय. आमची मंजुळा घरात काडी वढत न्हाई. परातीत पीठ घेऊन भावकीत जाती भाकऱ्या करायला."

निरंजनने वाकून पाहिलं. दोन नळांच्या सांध्यातली तळहाताएवढी रबरी चकती फाटली होती.

"आठवड्यात बदलतो, रंगराव. शब्द देतो."

दुसऱ्या दिवशी त्याने हे शाश्वतता विभागाच्या प्रमुख मधुवंती मॅडमना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"यंत्र येण्यापूर्वी गळती किती होती, निरंजन?"

"मोजली नव्हती, मॅडम."

"अहवालात किती होती?"

"शून्य."

"आणि यंत्र आल्यावर सुरू झाली. मग गळती कशामुळे होतेय?"

त्याच दिवशी यंत्र-वापर नियमन समिती स्थापन झाली. यंत्र फक्त बंद अवस्थेतच वापरावं, असं तिने एकमताने ठरवलं. पण पुरस्काराच्या परीक्षकांना ते चालू असलेलं बघायचं होतं. आता गळतीला मालक शोधणं भाग होतं. समितीतल्या एका सदस्याला शाळेतलं विज्ञान आठवलं.

"म्हशी रवंथ करताना मिथेन सोडतात ना?"

बैठकीत आनंदाची लहर उसळली. म्हशी कंपनीच्या मालमत्तेत मोडत नव्हत्या.

रंगरावांना नोटीस गेली : 'आपल्या चार म्हशींच्या वर्तनामुळे आमच्या व्हॉल्व्हच्या प्रतिष्ठेस बाधा पोचत आहे.' पुढच्या सोमवारी फुलांनी सजवलेल्या टेम्पोतून म्हशींची हिंजवडीपलीकडच्या माण गावी रवानगी झाली. फीत मधुवंती मॅडमनीच कापली. तेव्हापासून रंगराव रोज पहाटे मोटारसायकलवरून हिंजवडीचं ट्रॅफिक ओलांडून धार काढायला जातात. त्या मोटारसायकलचा धूर कंपनीच्या अहवालात येत नाही.

म्हशी गेल्या आणि यंत्र आणखी मोठ्याने ओरडू लागलं. समितीने सखोल अभ्यास करून 'अवशिष्ट रवंथ' हे कारण शोधलं. म्हशी गेल्या तरी वीस वर्षांचं रवंथ जमिनीत मुरलेलं आहे, ते विरायला पन्नास वर्षं लागतील. तोवर उपाय म्हणून व्हॉल्व्हभोवती एकशे आठ रोपं लावण्यात आली. पंधरा दिवसांत ती सगळी करपली. अहवालात नोंद झाली, 'पानगळीचा हंगाम वेळेवर सुरू.' पुरस्कारही मिळाला.

निरंजन मात्र कुरुळीवरून जाताना गाडीची काच वर ठेवू लागला. एकदा समोरून मंजुळाबाई डोक्यावर परात घेऊन येताना दिसल्या. त्यांनी हसून हात केला. तो हात त्याला फार लागला. तडक ऑफिसात जाऊन त्याने मॅडमच्या टेबलावर राजीनामा ठेवला.

"अहो, बदला की चकती!" मॅडम म्हणाल्या. "पुरस्कार मिळालाय, आता कोण अडवतंय? चार तास गॅस बंद ठेवावा लागेल, तेवढी ग्राहकांची संमती घ्या."

निरंजनने राजीनामा परत खिशात घातला आणि हुरूपाने, त्या व्हॉल्व्हमधून गॅस मिळणाऱ्या वाकडच्या सोळा टॉवरना मेसेज पाठवला : गळती थांबवायची का, आणि कोणत्या वारी?

पहिल्या प्रश्नाला शंभर टक्के होकार आला. 'हा गुन्हा आहे, ताबडतोब थांबवा,' असं कोणी लिहिलं. कोणी वितळत्या हिमनगावरच्या अस्वलाचं चित्र टाकून खाली हात जोडले. वारांवर मात्र गाडी अडली. सोमवार ते शुक्रवार डबे. गुरुवारी शिवाय उपासाची खिचडी. शनिवारी पाहुणे. रविवारी मटण. सगळ्यांनी 'अन्य वार' निवडला.

निरंजनही वाकडलाच राहायचा. रविवारला निदान एक तरी मत पडावं म्हणून त्याने फोन हातात घेतला.

"रविवारी आपल्या सईचा वाढदिवस आहे," त्याची बायको मृदुला स्वयंपाकघरातून म्हणाली. "तीस माणसं येणार आहेत. जगाची काळजी पुढच्या आठवड्यात कर."

निरंजनने बराच वेळ विचार केला. मग 'अन्य वार' दाबलं.

तेवढ्यात रंगरावांचा फोन आला. "साहेब, कधी येताय?"

"लोकांना विचारतोय, रंगराव."

"मग काय म्हणत्यात लोक?"

"सगळे तुमच्याच बाजूने आहेत."

"व्हय? भली माणसं हायती," रंगराव म्हणाले. त्यांचा आवाज एकदम हलका झाला.

मतदान अजून चालू आहे. फक्त चार तासांचा प्रश्न आहे. तुम्हाला कोणता वार चालेल?